सप्तपदी आणि परवाना

१४ मार्च १९१३ रोजी केपटाऊनच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. केप प्रांतात राहणाऱ्या एका भारतीय मुसलमानाची पत्नी बाई मरियम हिला देशात प्रवेश देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला होता आणि प्रकरण न्यायासनापुढे आले होते. ज्या धर्मात पुरुषाला एकाहून अधिक विवाहांची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने लागलेला विवाह या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हे, असा न्यायमूर्तींचा अभिप्राय पडला. प्रश्न एका स्त्रीच्या प्रवेशाचा होता. परंतु या एका निकालासरशी दक्षिण आफ्रिकेतील बहुतेक सर्व हिंदू, मुसलमान व पारशी स्त्रियांचे पत्नीपण संशयास्पद ठरले. आपल्या स्त्रियांना कायद्याने रखेलीच्या पायरीवर आणून बसविले आहे, असा गांधीजींनी त्याचा अर्थ लावला. आणि तोवर सत्याग्रहाच्या बाहेर असलेल्या स्त्रिया त्यात उतरल्या. फिनिक्स आश्रमातून निघालेल्या सोळा जणांच्या तुकडीत कस्तुरबा होत्या. परवान्यावाचून ट्रान्सवालची सरहद्द ओलांडल्याबद्दल त्यांना २३ सप्टेंबर १९१३ रोजी तीन महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून परतलेले नामदार गोखले प्रकृतीची तमा न बाळगता या लढ्यासाठी हिंदुस्थानात निधी गोळा करीत होते. वल्लियम्मा ही कोवळ्या वयाची तमिळ मुलगी तुरुंगातून सुटल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावली. अखेर १९१४ च्या कायद्याने भारतीय पद्धतीच्या एकपत्नी विवाहाला तेथे मान्यता मिळाली.

या घटनेला एक शतक उलटून गेले. आज कोणतेही सुसंस्कृत राष्ट्र दुसऱ्या देशात विधिवत झालेला विवाह सहसा अमान्य करीत नाही. विवाह मान्य होतो, दाखला मान्य होतो, त्यावरील शिक्काही मान्य होतो. अडते ते पुढेच. दोन देशांची पारपत्रे बाळगणाऱ्या स्त्रीपुरुषांनी लग्न करावे की नाही, यात आजचे सरकार पडत नाही. ते एवढेच म्हणते की, लग्न खुशाल करा, संसार मात्र आमच्या परवानगीखेरीज येथे थाटू नका. पण सहवासावाचून संसार कसला? विवाहाचा हक्क आणि सहजीवनाचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ सधन व परदेशस्थ लोकांचा आहे, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. पुणे, नागपूर, सांगलीच्या ज्या घरांतून एखादा मुलगा वा मुलगी नोकरीनिमित्त परदेशी आहे, त्या प्रत्येक घराच्या दारात हा प्रश्न आज ना उद्या येऊन उभा राहतो.

पत्नीबंदीचा इतिहास

परक्या मजुराचे श्रम हवेत, त्याचे कुटुंब मात्र नको, हे धोरण जुने आहे. कॅनडाने १९०८ साली अखंड प्रवासाचा नियम केला. मायदेशाहून मध्ये कोठेही न थांबता थेट आलेल्यासच प्रवेश, असे त्याचे स्वरूप. आणि हिंदुस्थानातून तसा थेट प्रवास करण्याची सोय उपलब्धच नव्हती. नियमात कोणत्याही जातीचे वा देशाचे नाव नाही, तरी बंदी मात्र पक्की, अशी ती हिकमत होती. १९१४ सालचे कोमागाता मारू जहाजाचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच नियमामुळे ब्रिटिश कोलंबियातील लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या शीख कामगारांच्या बायकामुलांना वर्षानुवर्षे पंजाबातच राहावे लागले, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९१९ साली पत्नी व अज्ञान मुले यांच्यासाठी हे दार किलकिले झाले. दक्षिणेस कॅलिफोर्नियात गेलेल्या पंजाबी शेतकऱ्यांना तर मायदेशीच्या बायका आणणे जवळजवळ अशक्यच झाले. त्यांपैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले आणि इम्पीरियल खोऱ्यात पंजाबी बाप व मेक्सिकन आई यांची एक आगळी पिढी वाढली. कायद्याने माणसाच्या घरातील माणसेच बदलून टाकण्याचे असे उदाहरण विरळाच.

अमेरिकेत याहून चमत्कारिक प्रकार घडला. १९०७ च्या कायद्यान्वये परकीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावून बसत असे. १९२२ साली हा अन्याय दूर करण्यात आला; परंतु ज्यांना नागरिकत्व मिळण्याची पात्रताच नाही, अशा परकीयांशी विवाह करणाऱ्या स्त्रियांना त्यातून वगळले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे ‘गोरे’ नसल्याने नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निर्णय दिला. दोन्ही गोष्टींचा मिळून परिणाम असा झाला की, भारतीय क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी विवाह केलेल्या मेरी दास यांना आपल्या जन्मभूमीच्या नागरिकत्वास मुकावे लागले. ही तरतूद १९३१ साली रद्द झाली. स्त्रीचे राष्ट्र म्हणजे नवऱ्याचे राष्ट्र, ही समजूत केवळ पौर्वात्य समाजांची नव्हती, हे यावरून ध्यानात यावे.

हेतूची परीक्षा

दुसऱ्या महायुद्धानंतर उघड वर्णभेद करणे गैरसोयीचे झाले. त्याची जागा संशयाने घेतली. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका उतरली. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या नियोजित पतीशी विवाह करण्यासाठी ती आली होती. ती खरोखरच अविवाहित आहे काय, हे पाहण्यासाठी तिची कौमार्यपरीक्षा घेण्यात आली. वृत्तपत्रांनी प्रकरण उजेडात आणताच गहजब झाला व ती पद्धत बंद करण्यात आली. मात्र भारतीय उपखंडातील ब्रिटिश कचेऱ्यांतून आणखी किमान ८० स्त्रियांना या विटंबनेस तोंड द्यावे लागले होते, हे जुनी सरकारी कागदपत्रे धुंडाळणाऱ्या अभ्यासकांनी २०११ साली दाखवून दिले. एका सुविद्य शिक्षिकेचा शब्द पुरेसा मानला गेला नाही. पुरावा तिच्या देहाकडे मागण्यात आला.

देहाची परीक्षा थांबली, ती मनाची सुरू झाली. ब्रिटनने १९८० च्या सुमारास जो नियम आणला, त्यानुसार अर्जदाराला असे सिद्ध करावे लागे की, या विवाहामागील त्याचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नाही. ‘नाही’ हे सिद्ध करणे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही अवघड जाते. मग जालंदरच्या वा सिल्हेटच्या तरुणाने ते वकिलातीतील टेबलापुढे बसून कसे करावे? विवाह खरा आहे, उभयतांना एकत्र राहावयाचे आहे, हे मान्य करूनही अधिकारी म्हणू शके की, तरीही तुमचा मुख्य हेतू आम्हांला पटत नाही. १९९७ साली सत्तांतर झाल्यावर हा नियम रद्द झाला. तोपर्यंत त्याच्यामुळे असंख्य कुटुंबे दुभंगलेली राहिली.

याच काळात तीन स्त्रियांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या पुरुषाला परदेशातून पत्नी आणणे सोपे होते. स्त्रीला पती आणणे कठीण होते. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने हा लिंगभेद असल्याचा निर्वाळा दिला. विजय मोठा होता. पण ब्रिटिश सरकारने त्यावर केलेला उपाय मासलेवाईक होता. पतींवरील कडक अटी सैल करण्याऐवजी त्याच अटी पत्नींनाही लागू करण्यात आल्या. समता प्रस्थापित झाली. ती अडवणुकीची समता होती! त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की, विवाहित जोडप्याने कोणत्या देशात राहावे याची त्याची निवड मान्य करण्याचे बंधन प्रत्येक राज्यावर असू शकत नाही. तेव्हापासून जगभरच्या न्यायालयांत या ना त्या स्वरूपात हाच सूर ऐकू येत आहे.

प्रेमाची मिळकत-मर्यादा

संशयानंतर पैशाची पाळी आली. ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये परदेशी जोडीदार आणू इच्छिणाऱ्या नागरिकाला वार्षिक १८,६०० पौंड मिळकतीची अट घातली. बरोबर परदेशी मूल असल्यास रक्कम आणखी वाढे. एप्रिल २०२४ मध्ये ही मर्यादा २९,००० पौंडांवर नेण्यात आली. मिळकत नसेल तर शिल्लक दाखवावी, अशी सोय होती. पण शिल्लक हवी तब्बल ८८,५०० पौंड. सार्वजनिक मदतीवर भार पडू नये, हे या अटीचे समर्थन. ते वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु परदेशातून अर्ज करणारा जोडीदार आपल्या देशात काय कमावतो, हे त्या हिशेबात धरीत नाहीत. पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापिकेचा पगार तेथे शून्य समजला जातो. आणि लंडनबाहेरच्या छोट्या गावी दुकानात वा शुश्रूषागृहात राबणाऱ्या तिच्या पतीने मात्र लंडनच्या मानाने मिळकत दाखवावयाची. म्हणजे देशाचा नागरिक असूनही पत्नीसह राहण्याचा हक्क श्रीमंताला जन्मसिद्ध आणि गरिबाला सशर्त, असा याचा अर्थ होतो.

या नियमाविरुद्धचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी न्यायालयाने मान्य केले की, या अटीने हजारो कुटुंबांना क्लेश दिले आहेत; मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत केलेला नाही, हेही सांगितले; पण किमान मिळकतीची अट मूलतः बेकायदेशीर ठरविली नाही. इंग्लंडच्या बालक-आयुक्तांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या नियमामुळे आई वा बापापासून दुरावलेल्या मुलांची संख्या किमान १५,००० असल्याचा अंदाज दिला होता. या मुलांना बाप माहीत आहे तो संगणकाच्या पडद्यावरचा. निजण्याच्या वेळी तो पडद्यावरून गोष्ट सांगतो, आणि गोष्ट संपली की पडदा काळा होतो. दूरसंचार साधनांनी विरह सुसह्य केला, असे आपण म्हणतो. त्याच साधनांमुळे सरकारांना विरह सोसण्याजोगा भासू लागला, ही दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे.

अमेरिकेची रीत निराळी. तेथे नागरिकाच्या पती वा पत्नीला संख्येची मर्यादा नाही. पण ज्याच्याजवळ नुसते ग्रीन कार्ड आहे, त्याच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याच्या रांगेत उभे राहावे लागते. तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांची पत्नी बरोबर जाऊ शकते. मात्र २०१५ पर्यंत अशांपैकी बहुतेक पत्नींना तेथे नोकरी करण्याची परवानगी नव्हती, आणि त्या वर्षी मिळाली तीही काही थोड्यांनाच. महाराष्ट्रातून गेलेल्या कितीतरी अभियंता, डॉक्टर व शिक्षिका स्त्रियांनी आपली पदवी ट्रंकेत ठेवून उमेदीची वर्षे परक्या शहराच्या चार भिंतींत काढली. हाही एक विरहच. येथे माणूस आपल्या कामापासून दुरावतो.

२१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वाचा निकाल दिला. एका अमेरिकन स्त्रीच्या एल् साल्व्हादोरच्या पतीला व्हिसा नाकारण्यात आला होता; त्याच्या अंगावरील गोंदणावरून तो गुन्हेगारी टोळीतील असावा, असा वहीम घेण्यात आला होता. तिने न्यायालयात दाद मागितली. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने सांगितले की, परकीय पतीला देशात प्रवेश मिळावा असा कोणताही मूलभूत हक्क नागरिकाला नाही. याच न्यायालयाने १९६७ साली भिन्नवर्णीय विवाहांवरील बंदी उठवून विवाहस्वातंत्र्याची ग्वाही दिली होती, हे आठवले म्हणजे दोन निकालांमधील दरी जाणवते. लग्नाचा हक्क मूलभूत. एका छपराखाली राहण्याचा हक्क मात्र सरकारच्या मर्जीवर!

‘तुम्ही किती वेळा भेटलात?’

आपल्या समाजाच्या चालीरीती आणि परदेशी कचेऱ्यांची अपेक्षा यांची गाठ पडते तेव्हा निराळीच अडचण उभी राहते. विवाह खरा आहे हे पटवून देण्यासाठी अधिकाऱ्याला पूर्वपरिचय हवा असतो: पत्रे, एकत्र प्रवास, छायाचित्रे, भेटींचा तपशील. आपल्याकडे ठरवून झालेल्या लग्नात कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात झालेली अर्ध्या तासाची भेट आणि नंतर फोनवर झालेले बोलणे एवढाच पूर्वपरिचय असतो. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो. त्यात पाहणे, साखरपुडा, लग्न आणि नोंदणी उरकायची असते. आपल्या दृष्टीने हे घाईचे असले तरी स्वाभाविक आहे. टेबलापलीकडच्या माणसाला त्यातच बनाव दिसतो.

नावाचा घोटाळा तर खास आपला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव असते; लग्नानंतर तेथे पतीचे नाव येते, आडनाव बदलते, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून पहिलेही बदलले जाते. पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे, विवाहाच्या दाखल्यावर तिसरे. ज्यांच्या देशात माणसाचे नाव पाळण्यापासून सरणापर्यंत बहुधा तेच राहते, त्यांना या तीन स्त्रिया एकच आहेत हे समजावून सांगण्यात महिने जातात. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८ सालचा कायदा आहे. तरीही देवळातील वा कार्यालयातील लग्नाचे छायाचित्र म्हणजे पुरावा, अशा भ्रमात अनेक पालक राहतात. लग्नाच्या आठवड्यातच नोंदणी करणे आणि सर्व कागदांवर एकच नाव ठेवणे, एवढ्या दोन गोष्टींनी पुष्कळांचा विरह काही महिन्यांनी तरी कमी होईल.

नवऱ्याच्या हातातील दोरी

येथवर सरकारे आणि जोडपी यांचाच विचार झाला. पण व्हिसा हे घरातल्या घरातही शस्त्र होऊ शकते. नवरा लग्न करून आठवड्याभरात परत जातो, ‘पोहोचताच कागद पाठवतो’ असे सांगतो, आणि कागद कधीच येत नाहीत. सासरी राहावे तर तेथे तिचे कोणी नाही, माहेरी यावे तर शेजारपाजारच्यांचे प्रश्न. परदेशस्थ पतींनी टाकलेल्या अशा स्त्रियांचा प्रश्न पंजाबात विशेष तीव्र असला, तरी महाराष्ट्रही त्यापासून मुक्त नाही. विधी आयोगाने २००९ साली आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८७ व्या अहवालात या विवाहांसाठी सर्वंकष कायद्याची शिफारस केली. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले होते. पंधरा वर्षांच्या अंतराने तेच दुखणे पुन्हा अहवालात नोंदवावे लागते, यातच सारे आले.

जी स्त्री परदेशी पोहोचते, तिचीही सुटका होतेच असे नाही. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने, विवाहास दोन वर्षे झाली नसतील तर जोडीदाराला प्रथम सशर्त वास्तव्याचाच परवाना मिळतो आणि पुढे तो पक्का करण्यासाठी उभयतांनी एकत्र अर्ज करावा लागतो. खोटी लग्ने रोखणे हा हेतू. पण त्यामुळे छळ करणाऱ्या नवऱ्याच्या हाती दोरी गेली. ‘सही करणार नाही’ हे तीन शब्द मारहाणीहून अधिक परिणामकारक ठरू लागले. म्हणून १९९४ च्या कायद्याने छळ सोसणाऱ्या जोडीदाराला स्वतःच्या नावाने अर्ज करण्याची वाट मोकळी केली. ब्रिटननेही पुढे अशा स्त्रियांसाठी नियमांत तरतूद केली. ज्यांच्या मुली परदेशी आहेत, त्या आईबापांनी ही माहिती ठेवली पाहिजे. दागिन्यांची यादी आपण नीट करतो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या कागदांच्या प्रती मुलीच्या स्वतःच्या ताब्यात आहेत की नाही, हेही तितक्याच काळजीने पाहावयास हवे.

आपले अंगण

दुसऱ्यांकडे बोट दाखविताना आपल्या अंगणाकडे पाहिले पाहिजे. १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी विवाह करणाऱ्या परदेशी *स्त्रीला* नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला ती नव्हती. ब्रिटनचा लिंगभेद युरोपीय न्यायालयात उघडा पडला, त्याच सुमारास, १९८६ साली, आपण ती चूक दुरुस्त केली. परदेशात जन्मलेल्या अपत्याला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी तर १९९२ साल उजाडावे लागले. आज परदेशी जोडीदाराला नोंदणीसाठी अर्ज करण्यापूर्वी सात वर्षे भारतात वास्तव्य करावे लागते. विवाहास दोन वर्षे झाल्यावर परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ओसीआय, कार्ड मिळू शकते. पण विवाह मोडला की तेही जाते. म्हणजे मुंबईत वीस वर्षे संसार केलेल्या, मुले वाढविलेल्या, मराठी बोलू लागलेल्या परदेशी स्त्रीचा येथे राहण्याचा आधार तिच्या विवाहावर टांगलेला राहतो. अमेरिकेतील सशर्त परवान्याबद्दल आपण जी तक्रार करतो, तीच तक्रार ती आपल्याविरुद्ध करू शकेल.

गोव्याची कहाणी आणखी वेगळी. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या पासपोर्टावर हजारो गोवेकर इंग्लंडात कामाला गेले. दुहेरी नागरिकत्व आपल्याला मान्य नसल्याने नोंद करणारा पती परदेशी झाला आणि सासष्टीतल्या त्याच वाड्यात राहणारी पत्नी भारतीय राहिली. परक्याशी लग्न कोणीच केले नाही, तरी संसार आंतरराष्ट्रीय झाला!

आणि सर्वांत कठीण प्रश्न आहे तो पश्चिम सीमेचा. फाळणीने एकाच घराण्याची दोन राष्ट्रे झाली. सोयरिकी मात्र चालू राहिल्या. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे निरपराध पर्यटकांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकांना त्यातून वगळण्यात आले. त्या क्षणी राष्ट्राच्या सुरक्षेचा विचार अग्रभागी असणे समजण्यासारखे आहे. तरीही अटारीच्या फाटकाशी जी दृश्ये दिसली, त्यांत भारतीय पासपोर्ट हाती असलेली आई आणि पाकिस्तानी पासपोर्टावरची तिची मुले वेगळी होत होती. अतिरेक्याचा सूड त्या मुलांवर उगविण्याची कोणाचीच इच्छा नव्हती. पण नियमाला इच्छा नसते, आणि म्हणूनच नियम करताना अपवादांचा विचार आधी करावा लागतो.

काय करता येईल

सीमा हव्यात की नकोत, हा वाद येथे नाही. कोणाला प्रवेश द्यावा हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. खोटी लग्ने होतात, पैसे घेऊन होतात, हेही खरे. परंतु चोर सुटू नये म्हणून गावाला कोंडून ठेवावे, हा न्याय नव्हे. दहा खऱ्या जोडप्यांना दोन वर्षे तिष्ठत ठेवून एक खोटे जोडपे पकडले गेले, तर त्या पकडीची किंमत कोणी मोजली? विवाहाच्या पहिल्या दोन वर्षांतच माणसे एकमेकांना ओळखू लागतात. तो काळ रांगेत गेला तर पुढे व्हिसा मिळूनही कित्येकदा दोन अपरिचित माणसेच विमानतळावर भेटतात. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सीमा मिटल्या, वकिलातींचे काम थांबले, आणि रजेवर मायदेशी आलेल्या अनेकांना पत्नी, पती वा मुलांकडे परत जाता येईना. त्या काळात ज्यांनी सहा-आठ महिने असे काढले, त्यांना हे निराळे सांगण्याचे कारण नाही.

म्हणून निदान चार गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पती-पत्नींच्या अर्जाचा निकाल ठराविक मुदतीत लागावा आणि नकार दिल्यास त्याची कारणे लेखी मिळावीत. निकाल लागेपर्यंत एकमेकांस भेटण्यासाठी अल्प मुदतीचा व्हिसा सहज मिळावा. आज प्रलंबित अर्ज हेच भेटीचा व्हिसा नाकारण्याचे कारण होऊ शकते, हा उलटा न्याय आहे. टाकलेल्या वा छळ सोसलेल्या जोडीदाराचा वास्तव्याचा हक्क दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून नसावा. आणि आई, बाप व मूल यांच्या हाती वेगवेगळे पासपोर्ट असतील तेथे मुलाचे हित प्रथम पाहावे. या मागण्या इतरांपुढे मांडण्याचा नैतिक अधिकार हवा असेल तर भारताने त्या आपल्या नियमांत आधी उतरविल्या पाहिजेत. ओसीआय कार्डाला घटस्फोटाची टांगती तलवार नसावी, येथून सुरुवात करता येईल.

१९१३ साली प्रश्न असा होता की, कस्तुरबा या मोहनदास गांधींच्या कायदेशीर पत्नी आहेत काय. सरकार ‘नाही’ म्हणाले, आणि त्यांनी परवान्यावाचून सरहद्द ओलांडून त्याला उत्तर दिले. आजचे सरकार त्याच प्रश्नाला ‘होय’ म्हणते, दाखल्याची प्रत मागून घेते आणि पुढच्या खिडकीकडे बोट दाखविते. त्या खिडकीसमोरच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या मुलीला सत्याग्रह करावयाचा नाही. आपल्या नवऱ्याच्या घरी दिवा केव्हा लावता येईल, एवढेच तिला विचारायचे आहे. आणि कोणत्याही सरकारला या प्रश्नाचे उत्तर तारखेसह देता आले पाहिजे.